तटस्थतेच्या बुरख्याआड : अमेरिकन शाळेतील चालू राजकारणाचा तास

आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांत, आणि तेथून पाझरत पाझरत मराठीतील शिक्षणविषयक चर्चेतही, एक समज चांगलाच रुजलेला आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळेत मुले राज्यघटना पाठ करीत नाहीत, तिच्यावर वाद घालतात. सोळा-सतरा वर्षांचे विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचतात, वर्गात लुटुपुटूचे न्यायालय भरवितात, वादी-प्रतिवादी होऊन स्थलांतरितांच्या, गर्भपाताच्या, बंदुकांच्या परवान्यांच्या प्रश्नांचा कीस पाडतात. आणि शिक्षक एखाद्या पंचाप्रमाणे मधोमध उभा राहून स्वतःचे मत मात्र कोणाला कळू देत नाही. आपल्याकडे नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेले, वर्षअखेरीस उरकून टाकावयाचे प्रकरण. त्यामुळे हे चित्र पाहून आमच्या उदारमतवादी शिक्षणतज्ज्ञांच्या तोंडाला पाणी सुटते, यात नवल नाही.

या चित्रात काहीच खरे नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत हजारो कष्टाळू शिक्षक आहेत आणि त्यांच्या वर्गांत असे वाद होतातही. परंतु हा पंच कोणाच्या पगारावर उभा आहे, त्याची शिट्टी कोणाच्या खिशात आहे आणि मैदानाच्या रेषा कोणी आखून दिल्या आहेत, हे प्रश्न विचारण्याची या चर्चेत पद्धत नाही. गेल्या शंभर वर्षांचा अमेरिकन इतिहास चाळला तर या प्रश्नांची उत्तरे अगदी स्वच्छ मिळतात. चालू राजकारण आणि कायदा शाळेत शिकवावा की नाही, हा तेथील वाद खऱ्या अर्थाने कधी नव्हताच. वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची जीभ कोणाच्या मालकीची, यावर तो वाद झाला. आणि आजही होतो आहे.

पाठ्यपुस्तके आणि कारखानदार

१९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या एका समितीने शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षासाठी ‘अमेरिकन लोकशाहीचे प्रश्न’ हा अभ्यासक्रम सुचविला. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांची वेगवेगळी पुस्तके मुलांच्या डोक्यावर न आदळता समाजापुढील जिवंत प्रश्न घेऊन त्यांच्याभोवती हे ज्ञान गुंफावे, अशी त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम होती. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील प्राध्यापक हॅरल्ड रग यांनी तीच कल्पना मनावर घेऊन ‘माणूस आणि त्याचा बदलता समाज’ ही पाठ्यपुस्तकांची मालिका लिहिली. महामंदीचे दिवस होते. कोट्यवधी लोक बेकार झालेले, बँका बुडालेल्या. अशा वेळी संपत्तीची वाटणी कशी झालेली आहे, बेकारी कशातून येते, जाहिरातींचा खर्च अखेर कोणाच्या खिशातून जातो, हे मुलांना सोप्या भाषेत विचारावयास लावणारी ही पुस्तके लाखांच्या संख्येने शाळांत गेली. रग काही कम्युनिस्ट नव्हते. फार तर त्यांना सुधारणावादी म्हणता येईल.

तेवढेही सहन झाले नाही. जाहिरात व्यवसायाची संघटना, माजी सैनिकांची ‘अमेरिकन लीजन’ आणि कारखानदारांची राष्ट्रीय संघटना या तिघांनी मिळून १९३९ ते १९४१ या काळात रग यांच्या पुस्तकांविरुद्ध मोहीम उघडली. १९४० मध्ये ओहायो राज्यातील ब्रॅडनर या छोट्या गावात ती चक्क जाळण्यात आली. कारखानदारांच्या संघटनेने तर राल्फ रॉबी नावाच्या एका बँकिंगच्या प्राध्यापकाला नेमून शेकडो पाठ्यपुस्तकांतील ‘खासगी उद्योगाला मारक’ मजकूर वेचून काढला. ज्यांच्या कारखान्यांच्या दारावर बेकारांच्या रांगा लागल्या होत्या, तेच आता बेकारीवरील धडा कसा असावा हे ठरवू लागले. थोड्याच वर्षांत ही मालिका बहुतेक शाळांतून हद्दपार झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रग यांच्या पुस्तकांतील आकडे खोटे आहेत हे सिद्ध करण्यात या मंडळींना विशेष रस नव्हता. मुलांच्या मनात मुळात हे प्रश्न उभे केले जातात, हाच त्यांच्या तक्रारीचा गाभा होता.

तीस तास आणि पंचेचाळीस मिनिटे

शीतयुद्धाच्या काळात तर पंचाने आपले मत लपविण्याचाही प्रश्न उरला नाही. मत कोणते असावे हे कायद्यानेच ठरवून दिले. न्यू यॉर्क राज्याने १९४९ मध्ये केलेल्या फाइनबर्ग कायद्यान्वये शाळांतील ‘विध्वंसक’ संघटनांच्या सभासदांना हुडकून काढण्याची जबाबदारी शिक्षण खात्यावर टाकण्यात आली. १९५२ मध्ये, ॲडलर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा वैध ठरविला. बहुमताच्या निकालाचा आशय असा होता की शिक्षकाला आपली मते बाळगण्याचा हक्क आहे. मात्र शाळेच्या अटी पसंत नसतील तर ती मते घेऊन त्याने दुसरीकडे जावे. त्या काळात न्यू यॉर्क शहरातील शेकडो शिक्षकांना नोकरी गमवावी किंवा सोडावी लागली. त्यांत गणिताचे शिक्षक होते, भाषेचे होते. वर्गात त्यांनी काही प्रचार केला असे दाखविण्याची गरजच कायद्याने ठेवली नव्हती. १९६७ मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने या कायद्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या, पण तोवर एक पिढी गप्प झाली होती.

फ्लॉरिडा राज्य याही पुढे गेले. १९६१ मध्ये तेथील विधिमंडळाने प्रत्येक माध्यमिक शाळेत ‘अमेरिकनवाद विरुद्ध कम्युनिझम’ या विषयाचे किमान तीस तास सक्तीचे केले. कम्युनिझम ही अमेरिकन घटनेपेक्षा आणि मुक्त स्पर्धेच्या अर्थव्यवस्थेपेक्षा श्रेयस्कर आहे असे कोणत्याही शिक्षकाने सांगता कामा नये, ही अट कायद्यातच घातली होती. म्हणजे वाद लावायचा, दोन पक्ष फळ्यावर लिहायचे आणि निकाल मात्र विधिमंडळाने आधीच लखोट्यात बंद करून ठेवायचा! हा कायदा पुढे पुस्तकांतून गेला. परंतु ज्या वर्गाला त्याची गरज वाटली होती तो वर्ग कोठेही गेला नव्हता. २०२२ मध्ये त्याच राज्याने ७ नोव्हेंबर, म्हणजे ऑक्टोबर क्रांतीचाच दिवस, ‘कम्युनिझमच्या बळींचा दिवस’ म्हणून ठरविला व शासनव्यवस्था या विषयाच्या माध्यमिक वर्गात त्यावर किमान पंचेचाळीस मिनिटांचा पाठ सक्तीचा केला. २०२४ मध्ये आणखी एक कायदा करून कम्युनिझमचा इतिहास २०२६-२७ या शालेय वर्षापासून सर्व इयत्तांत शिकविण्याचे ठरले.

समाजवादी देशांत झालेल्या चुका, दडपशाही, दुष्काळ यांची चर्चा वर्गात होऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती व्हावी, कागदपत्रे समोर ठेवून व्हावी. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या विधिमंडळाने २०२२ च्या एप्रिलमध्ये वंश व गुलामगिरी यांविषयी शिकविताना कोणत्या विद्यार्थ्याला अपराधी वाटेल असे काही शिकवू नये म्हणून कायदा केला, त्याच विधिमंडळाने त्याच वर्षी सातासमुद्रापलीकडील अपराधांसाठी घड्याळ लावून मिनिटे मोजून दिली. स्वतःच्या अंगणातील रक्त पुसावयाचे आणि शेजाऱ्याच्या अंगणावर दिवा धरावयाचा, याला तटस्थता म्हणत नाहीत.

‘दोन्ही बाजू’ नावाची युक्ती

२०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिस येथे पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाची गुडघ्याखाली मान दाबून हत्या केली. त्यानंतर अमेरिकेच्या शहरोशहरी जे लाखो लोक रस्त्यावर आले त्यांत माध्यमिक शाळांतील मुले-मुली फार मोठ्या संख्येने होत्या. ही मुले दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन काय विचारणार हे सांगावयास ज्योतिषी नको होता. हे असे का घडते? पोलिसाला कायद्याचे संरक्षण कोणते? हे संरक्षण कोणी दिले? सत्ताधाऱ्यांनी उत्तरे तयार केली नाहीत. प्रश्नच बंद करण्याचे कायदे केले. २०२१ मध्ये टेक्सास, ओक्लाहोमा आदी अनेक राज्यांत असे कायदे झाले.

त्यांतील टेक्सासचा कायदा मुद्दाम वाचण्यासारखा आहे, कारण तो आमच्या उदारमतवादी मित्रांच्या भाषेतच बोलतो. कोणत्याही शिक्षकावर चालू घडामोडी शिकविण्याची सक्ती करता येणार नाही. शिकविल्याच तर निरनिराळ्या व परस्परविरोधी दृष्टिकोनांतून, कोणत्याही एकाकडे न झुकता शिकवाव्यात. ऐकावयास किती गोड! या गोड भाषेचा अर्थ साउथलेक गावी ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रकट झाला. तेथील शाळांच्या एका अधिकारी बाईंनी प्रशिक्षणाच्या बैठकीत शिक्षकांना सांगितले की ज्यूंच्या वंशसंहारावरील पुस्तक वर्गात ठेवाल तर विरुद्ध दृष्टिकोन मांडणारेही पुस्तक ठेवा. हे बोलणे ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आले, गहजब झाला, शाळाधिकाऱ्यांनी माफी मागितली. पण त्या बाई मूर्ख होत्या असे समजून हसणाऱ्यांचीच चूक होत आहे. नोकरी सांभाळणाऱ्या माणसाने कायदा जसा वाचावा तसाच त्यांनी तो वाचला होता.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे व त्याची चर्चा फारच थोडी झाली. विद्यार्थ्याने एखाद्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात लोकप्रतिनिधींकडे प्रयत्न करणाऱ्या संघटनेबरोबर काम केले, तर त्या कामाला अभ्यासक्रमाचे गुण देण्यास बंदी! म्हणजे कायदा कसा होतो याची आकृती वहीत काढली तर गुण मिळतील; तो कायदा होत असताना विधिमंडळाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले तर मिळणार नाहीत. विद्यार्थ्याने प्रेक्षक राहावे, एवढीच अट.

२९ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शाळांतील ‘जहाल मतप्रचार’ संपविण्याच्या नावाने आदेश काढला आणि केंद्रीय अनुदानाची दोरी हाती धरून हेच धोरण देशभर नेण्याचे ठरविले. ‘देशभक्तीच्या शिक्षणा’साठी २०२० मध्ये नेमलेला व २०२१ मध्ये विसर्जित झालेला ‘१७७६ आयोग’ही याच आदेशाने पुन्हा उभा केला. प्रचार नको म्हणणारा आणि देशभक्तीचा प्रचार हवा म्हणणारा आदेश एकच! मात्र कायद्याची व आदेशाची खरी ताकद शिक्षेत नसते, धाकात असते. रँड या संशोधन संस्थेच्या पाहणीत सुमारे ६५ टक्के शिक्षकांनी वर्गातील राजकीय व सामाजिक चर्चा आपण होऊन आखडती घेतल्याचे सांगितले; आणि असे कायदे जेथे लागू नाहीत तेथील शिक्षकही त्यांत मोठ्या संख्येने आहेत. शेजारच्या राज्यात चाबूक वाजला की इकडची पाठ आधीच वाकते.

दंडावरची काळी फीत आणि विकत घेतलेली जीभ

अमेरिकन शाळेतील स्वातंत्र्याचा विषय निघाला की टिंकर खटल्याचे नाव हमखास येते. १९६५ च्या डिसेंबरमध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेले. त्यांत मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी होती. शाळेने त्यांना घरी पाठविले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला : शाळेच्या दारातून आत आल्याने विद्यार्थी किंवा शिक्षक यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही. हा विजय खरा होता, आणि तो व्हिएतनामी जनतेच्या लढ्याने व अमेरिकेतील युद्धविरोधी चळवळीने त्या काळात निर्माण केलेल्या हवेचाही विजय होता. न्यायमूर्ती काही निर्वात पोकळीत राहत नसतात.

परंतु हा निकाल जेथे संपतो तेथे पाठही संपतो, आणि पुढे काय झाले ते बहुधा राहून जाते. चळवळीची लाट ओसरली तसा निकालही झिजत गेला. १९८८ मध्ये मिसुरीतील हेझलवुड येथील शालेय वृत्तपत्रातून विद्यार्थिनींचे गरोदरपण व आईवडिलांचा घटस्फोट यांवरील लेख मुख्याध्यापकांनी काढून टाकले, त्याला न्यायालयाने संमती दिली. आणि शिक्षकाचे काय झाले? टिंकर निकालात त्याचाही उल्लेख होता ना? २००६ मध्ये गार्सेटी खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की सरकारी नोकर कर्तव्याचा भाग म्हणून जे बोलतो त्याला घटनेचे संरक्षण नाही. शिक्षकांना हा नियम जसाच्या तसा लागू आहे काय, हा प्रश्न त्या निकालात उघडा ठेवला होता. खालच्या एका न्यायालयाने तो लगेच बंद केला.

त्याची हकीकत अशी. इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथील एक शिक्षिका प्राथमिक शाळेतील वरच्या वर्गांना शिकवीत होत्या. २००३ चा जानेवारी महिना. इराकवरील आक्रमणाची तयारी चाललेली. चालू घडामोडींच्या तासाला मुलांच्या एका साप्ताहिकातील युद्धविरोधी निदर्शनांची बातमी वाचली जात होती. एका मुलाने विचारले, बाई, तुम्ही अशा निदर्शनांत जाता का? त्यांनी सांगितले की रस्त्यावर शांततेसाठी भोंगा वाजवा असा फलक घेऊन लोक उभे होते, तेव्हा आपण गाडीचा भोंगा वाजविला. आणि युद्धापूर्वी शांततेचे मार्ग शोधले पाहिजेत असे आपल्याला वाटते. एवढेच. पालकांनी तक्रार केली, ताकीद मिळाली आणि वर्ष संपल्यावर त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. शाळेने कारणे दुसरी सांगितली. परंतु सातव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये शिक्षिकेचे म्हणणे खरे धरूनच निकाल दिला, आणि तो त्यांच्या विरुद्ध दिला. न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांच्या म्हणण्याचा आशय असा की शाळा शिक्षकाच्या बोलण्यावर नियंत्रण ठेवते असे म्हणण्यापेक्षा ती ते बोलणे भाड्याने घेते असे म्हणणे योग्य. बोलणे ही शिक्षकाची विक्रीची वस्तू, ती तो पगाराच्या मोबदल्यात मालकाला विकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण पुढे ऐकण्यास नकार दिला.

मार्क्सने कामगार आपली श्रमशक्ती विकतो असे सांगितले, तर त्यात माणुसकीचा अपमान झाला असे म्हणणारे विद्वान आमच्याकडे कमी नाहीत. त्यांनी हा निकाल वाचावा. मार्क्सने निदान विकणाऱ्याची बाजू घेऊन सांगितले होते. येथे न्यायासनावरून, घटनेचा अर्थ म्हणून, विकत घेणाऱ्याच्या बाजूने तेच सांगितले जात आहे. ‘शिक्षकाने मत सांगू नये’ या शिक्षणशास्त्रीय सुभाषिताखाली नोकरीचा करार कसा दडलेला आहे, हे त्या एका वाक्याने जितके उघड झाले तितके आमच्या दहा पुस्तिकांनी झाले नसते. युद्धाच्या बाजूने शाळेत येऊन भरतीची पत्रके वाटणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना मात्र ही वस्तूविनिमयाची अडचण येत नाही. २००१ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने केंद्रीय अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांना लष्करभरती करणाऱ्यांसाठी दरवाजा उघडा ठेवणे आणि पालकांनी हरकत घेतली नसेल तर विद्यार्थ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक त्यांना देणे बंधनकारक केले होते.

जो निकाल यादीत नाही

अमेरिकेत महाविद्यालयीन दर्जाचे ‘शासन व राजकारण’ हा विषय माध्यमिक शाळेत घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज बोर्ड नावाची संस्था अभ्यासक्रम ठरवते. २०१८ च्या फेररचनेत तिने पंधरा निकाल अनिवार्य केले. गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा निकाल २०२२ मध्ये न्यायालयाने स्वतःच उलथवला तेव्हा तो या यादीतूनही वगळण्यात आला. यादी टाकाऊ आहे असे नव्हे. तीत टिंकर आहे, शाळांतील वंशभेद बेकायदा ठरविणारा १९५४ चा ब्राऊन निकाल आहे, निवडणुकीत कंपन्यांच्या पैशाला मोकळे रान देणारा २०१० चा सिटिझन्स युनायटेड हा निकालही आहे. परंतु कामगार संघटनेचा एकही खटला तीत नाही. आणि ज्या निकालाचा परिणाम प्रत्येक अमेरिकन विद्यार्थ्याच्या बाकावर, फळ्यावर आणि छतावर दररोज होतो, तो १९७३ चा रॉड्रिगेझ निकालही नाही.

हा निकाल आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहर. तेथील एजवुड हा बहुसंख्य मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा भाग. १९६८ च्या मे महिन्यात एजवुड माध्यमिक शाळेतील शेकडो विद्यार्थी मोडक्या इमारती व अपात्र शिक्षक यांविरुद्ध वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यातून पालक संघटित झाले व त्यांनी दावा लावला. पहिले वादी डेमेट्रिओ रॉड्रिगेझ हे हवाई तळावर पत्र्याचे काम करणारे कामगार. दाव्याचा मुद्दा साधा होता. शाळांचा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. एजवुडचे रहिवासी शंभर डॉलरला १.०५ डॉलर असा त्या महानगरातील सर्वांत चढा दर देत होते, तरी त्यांच्या घरांची किंमतच इतकी कमी की दर विद्यार्थ्यामागे फक्त २६ डॉलर जमत. त्याच शहरातील श्रीमंत गोऱ्यांचे अलामो हाइट्स ८५ सेंट दराने ३३३ डॉलर जमवीत होते. राज्य व केंद्र यांची मदत धरूनही १९६७-६८ साली एजवुडच्या मुलामागे ३५६ डॉलर व अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४ डॉलर खर्च होत होता. जास्त कर देणाऱ्याला कमी शाळा! २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की शिक्षण हा केंद्रीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि ही विषमता घटनाबाह्य नाही. बहुमतातील पाचांपैकी चार न्यायमूर्ती निक्सन यांनी नेमलेले होते.

निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुइस पॉवेल कोण होते? रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे नऊ वर्षे अध्यक्ष, नामांकित कंपन्यांचे वकील, फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीचे संचालक. २३ ऑगस्ट १९७१ रोजी, म्हणजे न्यायमूर्तिपदी नाव सुचविले जाण्याच्या दोनच महिने आधी, त्यांनी अमेरिकेच्या वाणिज्य मंडळाला एक गोपनीय टिपण पाठविले. मुक्त उद्योगव्यवस्थेवर चौफेर हल्ला होत आहे, भांडवलदारांनी संघटित होऊन विद्यापीठांत आपले विद्वान उभे करावेत, पाठ्यपुस्तकांची तपासणी करावी, न्यायालयांत आपली बाजू लढवावी, आणि हाच कार्यक्रम माध्यमिक शाळांतही न्यावा, असा त्याचा मजकूर. हे टिपण पुढच्या वर्षी एका वृत्तपत्र-स्तंभलेखकाने फोडले तेव्हा पॉवेल न्यायासनावर बसलेले होते. कारस्थानाची कथा रचण्याची येथे गरज नाही. कागद उपलब्ध आहे, तारखा उपलब्ध आहेत. एकाच माणसाने माध्यमिक शाळेत काय शिकविले जावे याची भांडवलदारांना योजना दिली आणि गरिबांच्या माध्यमिक शाळेला किती पैसा मिळावा याचा निवाडाही केला. चालू राजकारण व कायदा शिकविण्यासाठी याहून चांगला धडा कोणता असू शकेल?

मग शिक्षकाने प्रचार करावा काय?

असा प्रतिप्रश्न येणार, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. वर्गातील मूल शिक्षकाच्या पुढे दुबळे असते. त्याच्या हाती गुण असतात. त्या अधिकाराच्या जोरावर पोपटपंची करून घेणारा शिक्षक डावीकडचा असो वा उजवीकडचा, तो शिक्षक नव्हे. परंतु मुलाच्या डोक्यात निष्कर्ष कोंबणे आणि निष्कर्षापर्यंत नेणारी माहिती त्याच्यासमोर ठेवणे, यांतील फरक उदारमतवादी विसरतात. प्रतिगामी मात्र तो पक्का ओळखतात आणि म्हणूनच त्यांचा हल्ला माहितीवर होतो. एजवुडचे २६ आणि अलामो हाइट्सचे ३३३ हे आकडे फळ्यावर लिहून खडू खाली ठेवावा. विरुद्ध बाजूचे म्हणणेही वाचून घ्यावे; पॉवेल यांचा निकाल आणि थर्गुड मार्शल यांचे विरोधी मत दोन्ही पूर्ण वाचावे. आमची त्याला हरकत नाही. हरकत आहे ती आकडे पुसून उरलेल्या ‘दोन बाजूं’ना.

शिवाय ‘दोन बाजू’ मांडताना वर्गात कोण बसले आहे याचाही विचार केला पाहिजे. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा करून बिनपरवाना स्थलांतरितांच्या मुलांना फुकट शाळा नाकारण्याची मुभा दिली होती. टायलर गावात अशा मुलामागे वर्षाला एक हजार डॉलर मागितले गेले. १९८२ मध्ये प्लायलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनीच, ही बंदी उठविली. आज अमेरिकेतील कित्येक वर्गांत अशा घरांतील मुले बसलेली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करण्याचा आदेश निघाला तेव्हा, त्याच्या शब्दांप्रमाणे, तात्पुरत्या परवान्यावर काम करणाऱ्या आईवडिलांच्या पुढे जन्मणाऱ्या मुलांचाही त्यात समावेश होता. म्हणजे पुण्याहून व ठाण्याहून न्यू जर्सीत गेलेली अनेक मराठी संगणक-अभियंत्यांची घरेसुद्धा. अशा वर्गात ‘या मुलाला येथे बसू द्यावे की नाही, दोन्ही बाजूंनी बोला’ असे सांगणारा पंच कोणत्या अर्थाने तटस्थ राहतो?

विस्कॉन्सिनचे उदाहरण देऊन हा मुद्दा सोडतो. त्या राज्याने डिसेंबर २००९ मध्ये कायदा करून शाळांत कामगार चळवळीचा व सामूहिक वाटाघाटींचा इतिहास शिकविणे समाविष्ट केले. अमेरिकेत ही मोठीच दुर्मीळ गोष्ट. दीड वर्षही गेले नाही तो २०११ मध्ये नव्या गव्हर्नरांनी बहुतेक सरकारी नोकरांचा, आणि त्यात शिक्षकांचा, सामूहिक वाटाघाटींचा हक्क जवळजवळ संपविला. ज्या हक्काचा इतिहास शिक्षकाने शिकवावयाचा तोच हक्क त्याच्याकडून काढून घेतलेला! पण त्या फेब्रुवारीत मॅडिसनमधील माध्यमिक शाळांचे शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून आपल्या शिक्षकांच्या बाजूने विधानभवनावर चालून गेले. चालू राजकारणाचा तो तास कोणत्याही वेळापत्रकात नव्हता.

आमच्या पुस्तकांतील कोरी पाने

आता आमच्याकडील अमेरिकाभक्तांना एक विचारावयाचे आहे. भारतीय विद्यार्थ्याला अमेरिकेच्या चालू राजकारणाविषयी काय शिकविले जात होते, हे तुम्हाला माहीत आहे काय? केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या ‘समकालीन जागतिक राजकारण’ या पुस्तकात ‘जागतिक राजकारणातील अमेरिकी वर्चस्व’ असे एक स्वतंत्र प्रकरण होते. पहिले आखाती युद्ध, ११ सप्टेंबर २००१, इराकवरील २००३ चे आक्रमण हे सर्व त्यात होते; आणि वर्चस्व केवळ लष्कराचे नसते, ते व्यवस्थापनाच्या पदवीतून आणि निळ्या जीन्समधूनही येते, हे सतरा वर्षांच्या मुलाला पटेल अशा भाषेत सांगितले होते. ते प्रकरण आमच्या मताचे होते असे नाही. अमेरिकेतील मोकळ्या समाजाचे, तेथील संस्थांचे कौतुकही त्यात होते. ते चांगले लिहिलेले होते, एवढेच. २०२२ मध्ये ‘अभ्यासाचा भार हलका करण्याच्या’ नावाखाली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेने ते पूर्ण काढून टाकले. दहावीच्या पुस्तकातील ‘लोकसंघर्ष आणि चळवळी’ हे प्रकरणही त्याच कात्रीत गेले. बोलिव्हियातील लोकांनी परदेशी कंपनीच्या हातून आपले पाणी परत कसे मिळविले, ते त्यात होते.

या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. दोघेही आमच्या विचारांचे नव्हेत. जून २०२३ मध्ये त्यांनी परिषदेला कळविले की या छाटलेल्या पुस्तकांवरून आमची नावे काढा. परिषदेने ते मानले नाही. २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही नावे छापली गेली आणि त्यांना पुन्हा लिहावे लागले. शिक्षकाची जीभ भाड्याने घेण्याची गोष्ट वर आली. येथे लेखकाचे नाव त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेतले. अमेरिकेत पाठ्यपुस्तके तपासणाऱ्या कारखानदारांना निदान जाहीर मोहीम काढावी लागली होती. येथे एक तक्ता प्रसिद्ध झाला, त्यात पानांचे आकडे होते, बस्स.

दिल्ली, भोपाळ, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील आमच्या अनेक वाचकांची मुले याच पुस्तकांवर शिकतात. जुन्या आवृत्त्या अजून घरोघरी, ग्रंथालयांत आणि रद्दीच्या दुकानांत आहेत. शिक्षक आघाडीवरील साथींनी त्या जमा करून अभ्यासवर्गांत वापरावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के जकात लादली, तेव्हा सुरतेच्या हिरे घासणाऱ्यांच्या आणि तिरुपूरच्या कपडे शिवणाऱ्यांच्या घरांत कामाचे तास कमी होण्याची धास्ती शिरली. त्यांतल्या एखाद्या घरात बारावीला बसलेली मुलगी असेल, तर जगातील एक देश दुसऱ्याला असे का करू शकतो हे ज्या प्रकरणात सांगितले होते, ते तिच्या पुस्तकातून तीन वर्षांपूर्वीच फाडून नेलेले होते.